अक्षरांचे पाय

नाणं हातात घेतल्यावर आबा आधी राजाकडे बघायचे नाहीत. ते कड बघायचे. अंगठ्याचं नख रुपयाच्या कंगोऱ्यांवरून एक पूर्ण फेरी फिरवायचं, मग दगडी फरशीवर एकदा टाकायचा, आवाज ऐकायचा, आणि त्यानंतर सवड असली तर राणी की पंचम जॉर्ज ते. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर एका पेढीत त्यांनी पारखीचं काम केलं. जुन्या चांदीचे रुपये मोडायला येणाऱ्या बाया-माणसांची तिथे रीघ असायची. राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. कुणी कड घासून चिमूटभर चांदी काढून घेतली असेल तर नखाला ती जागा गुळगुळीत लागते. मग बट्टा, म्हणजे किमतीतली कपात. ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो, पण तो शब्द मुळात या काउंटरवरचा, हे मला फार उशिरा कळलं.

मी सात-आठ वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, की नाण्यावर माणसाचं तोंड का काढतात. आबा म्हणाले, “आपल्यासारख्यांनी कड बघू नये म्हणून.”

हे सगळं आठवायला कारण घडलं इंग्लंडच्या पूर्वेकडे, सफोकमध्ये, आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. आमच्या शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात. बायको गेल्यापासून त्यांनी मेटल डिटेक्टरचा नाद लावून घेतलाय. कापणी झाली की ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीनं त्याच्या रानात दिवस-दिवस फिरतात. सापडतं काय, तर ट्रॅक्टरचे नट, कोटांची बटणं, बंदुकीच्या काडतुसांची बुडं. यंदा सप्टेंबरात मात्र ते दारात उभे राहिले ते तपकिरीची जुनी डबी घेऊन. आत कापूस आणि कापसावर एक चांदीची टिकली. खरंच टिकली म्हणावी एवढीच. “तुझे आजोबा यातले होते ना?” म्हणाले. आजोबा यातले होते म्हणजे नातीला रोमन नाणी कळतात, हा त्यांचा समज मी खोडून काढला नाही. मोह झाला.

माणूस रोमन, एवढं लगेच कळलं. उजवीकडे बघणारा चेहरा, डोक्याला मोत्यांचा पट्टा, मानेमागे त्या पट्ट्याची लोंबती टोकं. असा मोत्यांचा पट्टा चौथ्या शतकातले सम्राट बांधायचे. त्याआधीच्यांच्या डोक्यावर पानांचा मुकुट किंवा किरणांचा. पण नाव? नावाच्या जागी नाण्याची कडच नव्हती. चहूबाजूंनी कात्रीनं छाटलेली. गोल म्हणावं तर गोल नाही, छोट्या छोट्या सरळ कापांचा बारा-तेरा बाजूंचा काहीतरी आकार. श्रीखंडातलं केशर मोजायचं म्हणून हौसेनं घेतलेला एक चिमुकला काटा माझ्याकडे आहे. त्यावर ठेवलं तर १.०८ ग्रॅम. आडवं माप जेमतेम साडेतेरा मिलिमीटर.

या नाण्याला सिलिक्वा म्हणतात. त्या काळातले लोक याच तुकड्याला हेच नाव देत होते का याबद्दल अभ्यासक खात्री देत नाहीत, पण नाणेवाल्यांच्या जगात आता तेच रूढ आहे. सिलिक्वा म्हणजे कॅरोबच्या शेंगेतलं बी. भूमध्य समुद्राकाठचे सोनार त्यानं वजन करायचे, आपले गुंजेनं करायचे तसं. त्यांचं सोन्याचं नाणं, सॉलिडस, बरोबर २४ बियांचं. ग्रीकमध्ये त्याच बियेला केरातिऑन म्हणतात. आपला ‘कॅरेट’ तिथूनच घरंगळत आलेला. आबांच्या कपाटात लाल गुंजांची एक बाटली होती. त्यांना हे सांगायला हवं होतं, असं वाटून गेलं.

छाटलं नसतं तर असा सिलिक्वा साधारण दीड ते दोन ग्रॅम भरतो. म्हणजे माझ्या समोरच्या तुकड्याची तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास चांदी कुणीतरी कापून नेलेली. आणि इथे पहिली गंमत. कापणाऱ्यानं चेहऱ्याला कात्री लावलेली नव्हती. नाक, हनुवटी, डोक्यामागची मोत्याची गाठ, सगळं जिथल्या तिथे. कात्री अक्षरांतून फिरली होती, पण माणसाच्या अंगाशी येऊन थांबली होती.

आता दाढी. या चेहऱ्याला दाढी होती. भिंगातून बघितलं तर जबड्याच्या कडेनं ओळीनं बारीक रेघा आणि हनुवटीखाली पुढे आलेलं टोक. चौथ्या शतकातले बहुतेक सम्राट तुळतुळीत. कॉन्स्टंटाइननं घालून दिलेली चाल ती, पुढच्यांनी पाळली. दाढी म्हटल्यावर कुणाच्याही तोंडी पहिलं नाव येतं ज्युलियनचं. ३६१ ते ३६३ असा राज्य केलेला, जुन्या देवांकडे परत वळलेला, आपल्या दाढीची टिंगल करणाऱ्यांना उलटून लेखी उत्तर देणारा ज्युलियन. माझंही तेच झालं. शेजाऱ्यांना मी छातीठोकपणे सांगून टाकलं, ज्युलियन. ते खूश होऊन गेले. जाताना डबी माझ्याकडेच ठेवून गेले.

रात्री भांडी आवरल्यावर नाणं उलटून बघितलं आणि ज्युलियन संपला.

ज्युलियनच्या चांदीवर मागच्या बाजूला बहुतेक वेळा पानांची गोल माळ असते आणि माळेत नवसाची अक्षरं. सम्राटानं दहा वर्षं निभावली की देवाला अमुक देऊ, असा सरकारी नवस असायचा तो. या नाण्यावर माळ नव्हती. एक बाई बसली होती, डावीकडे तोंड करून. शिरस्त्राण घातलेली, डाव्या हातात उलटा धरलेला भाला, उजव्या हातावर एक गोळा आणि त्या गोळ्यावर मुंगीएवढी पंखवाली विजयदेवी. ही रोमा, शहराची देवता. बसलीय कशावर, तर चिलखतावर. सिंहासनावर बसते ती वेगळी. हा फरक नाणेवाल्यांच्या दृष्टीनं फार मोठा, कारण चिलखतावरची रोमा आणि तिच्याभोवती ‘विर्तूस रोमानोरुम’, म्हणजे रोमनांचा पराक्रम, ही जोडी ज्युलियननंतरच्या पिढीतली. ३८० आणि ३९०च्या दशकांत ती चांदीवर भरपूर छापली गेली. माझ्या नाण्यावर सुरुवातीच्या दोन-तीन अक्षरांचे तळ दिसत होते. बाकी कात्रीनं नेलेली.

म्हणजे उमेदवार बदलले. त्या दशकांतले हे छापणारे: ग्रेशियन, दुसरा व्हॅलेंटिनियन, थिओडोसियस, बंडखोर मॅग्नस मॅक्सिमस, थिओडोसियसची दोन पोरं अर्केडियस आणि होनोरियस, आणि आणखी एक, ज्याचं नाव मी तोवर कधी नीट ऐकलंही नव्हतं.

रोमन नाण्यावरचा लेख डाव्या हाताला खालून सुरू होतो, डोक्यामागून वर चढतो आणि चेहऱ्यासमोरून खाली उतरतो. सुरुवात सगळ्यांची एकच: ‘डी एन’, आमचे धनी अमुक. शेवट सगळ्यांचा एकच: ‘पी एफ ऑग’, धर्मशील, भाग्यवान, ऑगस्टस, म्हणजे सम्राट. मधे फक्त नाव वेगळं. आणि थिओडोसियस, अर्केडियस, होनोरियस या सगळ्यांची शेपटीही एकसारखी, ‘इयस’. चेहऱ्यासमोरच्या बाजूची अक्षरं वाचता आली तरी काही उपयोग नव्हता. जे काय ठरायचं ते डोक्यामागे, वर चढणाऱ्या पाच-सहा अक्षरांत.

त्या अक्षरांची डोकी गेलेली होती. नाण्यावर अक्षरांचे पाय मध्याकडे आणि डोकी कडेकडे असतात. कात्रीनं कड नेली म्हणजे डोकी नेली. उरले पाय.

लेकीचा शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला एक स्वस्त मायक्रोस्कोप होता, लॅपटॉपला जोडायचा. तो लावून मी पाय वाचायला बसले. कागदावर उमेदवारांची नावं रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत लिहिली आणि पट्टी आडवी ठेवून वरचा दोन तृतीयांश भाग झाकून टाकला. करून बघा, मजा येते. ‘टी’ला एक पाय. ‘एच’ला दोन. ‘ए’ला दोन, फाकलेले. ‘आर’ला दोन, एक सरळ आणि एक लंगडा. ‘ओ’ला पाय नाहीत, नुसतं गोल बूड. ‘व्ही’ एका टोकावर उभा. ‘ई’ तेवढा पाट टाकून बसलेला, खाली सपाट आडवी रेघ. होनोरियस म्हणजे दोन पाय, बूड, दोन पाय, बूड, दोन पाय, एक पाय. अर्केडियस म्हणजे सुरुवातीलाच चार पाय ओळीनं.

नाण्यावर कपाळाच्या मागे, लेख तुटतो तिथे, तीन पाय स्वच्छ दिसत होते. दोन आणि एक. मी म्हटलं, झालं, होनोरियस, शेवटचे ‘आर’ आणि ‘आय’. तो सापडतोही सगळ्यात जास्त. पण होनोरियस गादीवर आला तेव्हा आठ वर्षांचा होता. आठ वर्षांच्या पोराला ही दाढी?

मग त्या तीन पायांच्या खालचं अक्षर. बूड की पाट? तिथे मळ बसला होता. चांदीचं नाणं घासू नये एवढी अक्कल मला आहे, म्हणून पाण्याचा एक थेंब सोडला, कापसाच्या काडीनं नुसता टिपला आणि दिवा आडवा धरला. प्रकाश तिरका पडला की उंचवटा सावली टाकतो. सावली पडली ती सरळ. पाट. त्याच्या खाली वळणदार काहीतरी, त्याच्याखाली एक टोक आणि अगदी सुरुवातीला पुन्हा पाट.

पाट, टोक, वळण, पाट, दोन पाय, एक पाय. ई, व्ही, जी, ई, एन, आय. रोमन लोक ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरायचे.

युजेनियस.

रात्रीचा एक वाजला होता. आईला भारतात फोन लावला, तिकडे पहाट झालेलीच असते. “अगं, सोन्याचं तरी आहे का?” हा तिचा पहिला प्रश्न. मग, “कोण होता?” मी म्हटलं, मास्तर होता.

खरंच मास्तर. युजेनियस हा भाषा-वक्तृत्व शिकवणारा माणूस, पुढे दरबारात कागदपत्रांच्या खात्यात वरच्या हुद्द्यावर चढलेला. त्याला सम्राट व्हायचं होतं असं कुठे दिसत नाही. ज्याला सत्ता हवी होती तो आर्बोगास्ट, पश्चिमेच्या फौजांचा सेनापती. जातीनं फ्रँक, एका जर्मन टोळीतला. फ्रँक माणूस फौज चालवू शकत होता, सम्राटाला चालवू शकत होता, पण स्वतः सम्राट होऊ शकत नव्हता. ३९२च्या १५ मे रोजी गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, व्हिएन गावी विशीतला सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन फासाला लटकलेला सापडला. आत्महत्या की आर्बोगास्टचं काम, यावर सोळाशे वर्षं वाद चाललाय. तीन महिने गादी रिकामी. आर्बोगास्टनं पूर्वेचा सम्राट असलेल्या थिओडोसियसच्या निरोपाची वाट बघितली आणि मग २२ ऑगस्टला मास्तरला सम्राटाची जांभळी वस्त्रं चढवली.

इतिहासाची पुस्तकं याला युझर्पर म्हणतात, हक्क नसताना गादी बळकावणारा. मराठीत काय म्हणावं? तोतया म्हणता येत नाही. तोतया म्हणजे आपण दुसराच कुणी आहोत असं सोंग घेणारा, पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावानं उभा राहिला तसा. युजेनियसनं सोंग घेतलं नव्हतं. बंडखोर म्हणावं तर त्यानं बंडही धड केलं नाही. सुरुवातीला त्याच्या टाकसाळींतून थिओडोसियस आणि अर्केडियस यांच्या नावाचीही नाणी निघत होती, स्वतःच्या नाण्यांबरोबर, त्याच ठशाची. आम्ही तिघं मिळून राज्य करतो आहोत, असा तो चांदीवर लिहिलेला विनंतीअर्ज होता. पूर्वेच्या राजधानीतून, कॉन्स्टँटिनोपलहून, उत्तर आलं नाही. जानेवारी ३९३मध्ये थिओडोसियसनं आपल्या धाकट्या पोराला, होनोरियसला, ऑगस्टस केलं. तेच उत्तर. त्या काळच्या लॅटिनमध्ये अशा माणसाला ‘टिरॅनुस’ म्हणायचे. अर्थ शोधायला गेलं तर जुलमी वगैरे निघतो, पण व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की हरलेला.

नाण्यावर मात्र तो हरलेला नाही. तिथे तो ‘आमचा धनी’ आहे, थिओडोसियस आहे तसाच. मोत्याचा पट्टा तोच, रोमा तीच, चांदीचा कसही तोच. नुसत्या नाण्याकडे बघून खरा कोण आणि पुंड कोण हे सांगता येत नाही. मला हे फार आवडलं, का ते नीट सांगता येणार नाही.

आणि दाढी. आर्बोगास्टच्या टाकसाळीत दाढीशिवाय चेहरा कोरणं सोपं होतं. ठसे कोरणाऱ्यांचा हात त्यावरच बसलेला. तरी दाढी कोरली गेली, आणि ठशामागून ठशावर कोरली गेली. काही जण त्यात ज्युलियनसारखा जुन्या देवांचा इशारा बघतात. युजेनियस स्वतः ख्रिस्ती होता, पण त्याच्या बाजूला रोमचे जुन्या धर्माचे सरदार होते, त्यातला निकोमाकुस फ्लाव्हियानुस तर उघडपणे. म्हणून या लढाईला जुने देव विरुद्ध नवा देव असा रंग पुढच्या चर्चच्या लेखकांनी चढवला. अलीकडचे अभ्यासक तो रंग बराच खरवडून काढतात. मला विचाराल तर ती मास्तरची दाढी आहे. ग्रीक-रोमन जगात पंतोजी, तत्त्वज्ञ म्हटलं की दाढी. माणूस गादीवर चढला, पण शाळेतून काही उतरला नाही.

“किती दिवस टिकला?” आईनं विचारलं.

“दोन वर्षं आणि पंधरा दिवस.”

“आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी सहा वर्षं आहे,” ती म्हणाली.

शेवट ५ आणि ६ सप्टेंबर ३९४ला, फ्रिगिडुस नदीवर. आजच्या स्लोव्हेनियातलं व्हिपावा खोरं. पहिल्या दिवशी थिओडोसियसनं आपली गॉथ टोळीवाल्यांची पलटण पुढे घातली आणि ती कापली गेली. दहा हजार पडले असा आकडा एक जुना इतिहासकार देतो. युजेनियसच्या छावणीत त्या रात्री जिंकल्याचा जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. त्या खोऱ्यात डोंगरावरून अचानक कोसळणारा एक थंड, कोरडा वारा आहे, बोरा म्हणतात. आजही तिकडे तो मालवाहू गाड्या आडव्या पाडतो. तो युजेनियसच्या सैनिकांच्या तोंडावर आला. धूळ डोळ्यांत, ढाली हातांतून हिसकल्या जाताहेत, फेकलेले भाले उलटून परत येताहेत. वाऱ्याची गोष्ट जिंकणाऱ्यांच्या कवींनी आणि धर्मगुरूंनी सांगितलीय, तेव्हा त्यात मीठमसाला असणारच. पण तो वारा खरा आहे आणि ती जागाही. युजेनियसला पकडून थिओडोसियससमोर आणलं आणि मान उडवली. मुंडकं काठीवर खोचून छावणीभर फिरवलं, म्हणजे त्याच्या उरलेल्या सैनिकांना हत्यारं टाकायला कळावं. आर्बोगास्ट डोंगरात पळाला आणि दोन दिवसांनी त्यानं स्वतःच्याच तलवारीनं स्वतःला संपवलं. थिओडोसियस त्यानंतर जेमतेम चार महिने जगला. १७ जानेवारी ३९५ला मिलानमध्ये तोही गेला.

काठीवर फिरवलेलं ते डोकं आणि माझ्या टेबलावरचं हे. दुसऱ्याला दोन मोत्यांच्या माळा आहेत आणि ओठांच्या कोपऱ्यात किंचित मुरड. हसू म्हणावं इतकी नाही. ठसा कोरणाऱ्याची छिन्नी घसरली असेल.

नाणं पडलं कुठे हे मागच्या बाजूच्या तळाशी असतं. तिथल्या अक्षरांचे पाय कडेकडे आणि डोकी मध्याकडे. म्हणजे पुढे कात्रीनं डोकी नेली होती, इथे पाय नेले, डोकी ठेवली. भिंगाखाली पहिलं डोकं म्हणजे एक आडवी दांडी. ‘टी’. लियॉनच्या टाकसाळीचं असतं तर ‘एल’ आला असता, त्याला वर दांडी नाही. मिलानचं असतं तर ‘एम’ची दोन शिंगं आली असती. दांडी म्हणजे ट्रियर, जर्मनीतलं, मोझेल नदीवरचं. पुढे एक गोल गाठ ‘आर’ची, आणखी एक ‘पी’ची, आणि ‘एस’चा वाकडा माथा. ‘ट्रेवेरी’ हे गावाचं नाव, आणि ‘पीएस’ म्हणजे ‘पुसुलातुम’, तावून शुद्ध केलेली चांदी. कसाचा शिक्का! आबांनी अख्ख्या नाण्यावर एवढंच वाचलं असतं. नेमकं तेच कात्रीनं अर्धं नेलं.

आता कात्रीबद्दल. चांदीची कड कातरायचा हा उद्योग सापडतो तो जवळजवळ सगळा ब्रिटनमध्ये. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमकडून या बेटावर नवी नाणी यायची थांबली. फौजा गेल्या, पगार गेला, पगाराबरोबर येणारी चांदी गेली. जी नाणी होती तीच फिरवायची. मग लोकांनी एक युक्ती काढली. नाण्याची कड काढायची, चेहरा ठेवायचा, म्हणजे नाणं नाणं राहतं आणि हातात थोडी चांदी सुटते. त्या सुटलेल्या चांदीची पुन्हा हुबेहूब नाणी पाडल्याचंही दिसतं. चोरी म्हणावी, तर इतक्या पद्धतशीरपणे, इतके जण, इतकी वर्षं चोरी करत नाहीत. ती त्या ओस पडत चाललेल्या मुलखाची काटकसर होती. जुन्या साडीची गोधडी करतात तशी.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या घरापासून फार लांब नाही. सफोकमध्येच एक गाव आहे, हॉक्सन. लिहितात वेगळं, म्हणतात हॉक्सन. १६ नोव्हेंबर १९९२ला एक गृहस्थ तिथे शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन गेले. हातोडीही सापडली, पण आधी सापडली ती एक लाकडी पेटी, कुजलेली, आणि तिच्यात रोमन जगातला एक मोठा खजिना. नाणी एकूण १४,८६५. त्यातली ५६९ सोन्याची, चोवीस तांब्याची, बाकी सगळी चांदीची. चांदीची जवळजवळ सगळी कातरलेली. ती हातोडीसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि मला ती सोन्याच्या साखळ्यांपेक्षा जास्त आवडते. त्या पेटीत चांदीच्या चार मिरीदाण्याही होत्या, त्यातली एक बाईच्या अर्धपुतळ्याची. मिरी म्हणजे मलबारची, दुसरीकडून येतच नव्हती. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, “हे आधी सांगायचंस ना.”

हॉक्सनच्या ढिगात थिओडोसियस आहे, होनोरियस आहे आणि युजेनियसही आहे, एकाच पेटीत, एकाच मापानं कातरलेले. युजेनियस मरून दहा-पंधरा वर्षं तरी झाली होती. त्याचं नाव घेणं सोयीचं नव्हतं, पण त्याची चांदी कुणी परत मागितली नाही, वितळवा म्हणून फर्मान इथवर पोचलं नाही, आणि कुणाच्या लक्षात आलं असलं तरी पर्वा नव्हती. कातरणाऱ्यानं मास्तरच्या चेहऱ्याची जितकी अदब राखली तितकीच त्याचं मुंडकं उडवणाऱ्याच्या चेहऱ्याची.

आमच्याकडे असं झालं नव्हतं. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी गावी १९०६मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांवर ढीग निघाला. त्यातली दोन तृतीयांश नाणी गौतमीपुत्र सातकर्णीनं परत ठोकून घेतलेली. नहपानाला हरवलं, त्याची चांदी हाती आली, मग ती वितळवत न बसता त्याच्या तोंडावरच आपला तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैनचं चिन्ह हाणलं. कुठे नाक डोंगराखालून डोकावतं, कुठे कान. जिंकल्याचा तो जाहीरनामा होता, ज्याच्या त्याच्या हातात पडणारा. थिओडोसियसला तसं करायला सवडच मिळाली नाही. त्याच्या बाजूनं ब्रिटनमध्ये जे काय झालं ते कात्रीनं, आणि कात्री कुणाच्याच बाजूची नव्हती.

शेजाऱ्यांना सांगायला गेले तेव्हा जरा ओशाळले होते. ज्युलियनची शेखी मिरवून झाली होती. त्यांनी शांतपणे चहा टाकला. मी लॅपटॉपवर पाय दाखवले, पट्टी ठेवून झाकलेला कागद दाखवला. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि बोट ठेवून एकेक पाय मोजला. “म्हणजे नाव नसताना तू नाव वाचलंस,” म्हणाले. मग विचारलं, किंमत काय असेल. मी म्हटलं, युजेनियसचं नाणं होनोरियसपेक्षा बरंच दुर्मीळ, दोनच वर्षांचं राज्य ना. पण कातरलेलं आहे, तेव्हा त्यात बट्टा. तो शब्द मी मराठीतच बोलले, आणि मग समजावून सांगताना माझी फार त्रेधा उडाली.

एकच नाणं सापडलं तर इथल्या कायद्यानं ते सहसा सरकारजमा होत नाही. पण नोंद करावी अशी चांगली रीत आहे, म्हणून आम्ही दोघं नोंदणी करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी वजन केलं. माझ्या केशराच्या काट्यापेक्षा त्यांच्या काट्यावर दोन शतांश ग्रॅम कमी भरलं. तिरका दिवा धरून बराच वेळ बघितलं, मग फॉर्मवर टंकलं: सिलिक्वा, कातरलेला, ट्रियर, ३९२ ते ३९४. सम्राटाच्या रकान्यात ‘युजेनियस’ आणि पुढे कंसात ‘बहुधा’. मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा पडला असावा. त्या हसल्या आणि पुन्हा भिंग उचललं. या वेळी अक्षरांवर गेल्याच नाहीत. जबड्याच्या कडेवरून भिंग हळूहळू खाली हनुवटीपर्यंत नेलं, तिथे थांबल्या, आणि कंस खोडून टाकला.

गाडीत बसल्यावर शेजाऱ्यांनी डबी उघडून नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. सिग्नल लाल होता. मी अंगठ्याचं नख कडेवरून एक पूर्ण फेरी फिरवलं. तेरा काप लागले. रात्री भिंगाखाली मी बाराच मोजले होते.